सिंगापूर–जोहोर भगिनी शाखांचा दौरा: शुक्रवारचा कॉजवे आणि तीन सेनचं भांडण

शुक्रवारी संध्याकाळी सिंगापूरच्या वुडलँड्सहून सामुद्रधुनीवरच्या कॉजवेने, म्हणजे पलीकडे जोडणाऱ्या भरावाच्या रस्त्याने, मुलांना घेऊन जोहोरला जाऊ नका. पुढचं काही वाचलं नाहीत तरी चालेल, एवढं मात्र लक्षात ठेवा.

आमच्या संस्थेच्या तीन शाखा या दौऱ्यात होत्या: महाराष्ट्रातली आमची, सिंगापूरची आणि सामुद्रधुनीपलीकडची मलेशियातल्या जोहोरची. तिन्हींकडच्या नववीच्या मुलांनी एकत्र राहावं, एकत्र काम करावं, त्यातून शाखाशाखांत नातं तयार व्हावं, अशी कल्पना होती. परिपत्रकात ‘एक कुटुंब’ हे शब्द दर परिच्छेदात होते. कुटुंबातल्या दोन घरांमधला रस्ता किती लांब आहे, ते कुणी लिहिलं नव्हतं. पासपोर्ट, विमा, पालकांची संमतीपत्रं, मुलांची औषधं हे सगळं तुम्हाला जमतं असं धरून चालते. ते जमत नसेल तर पंचवीस-तीस मुलं घेऊन परदेशी जायच्या फंदात पडूच नका.

सिंगापूरचे दिवस सुरळीत गेले. शाळा चांगली, यजमान मुलं मोकळी, मेट्रो वेळेवर. एकच सांगते. छापील कार्यक्रमात ‘न्यूवॉटर अभ्यागत केंद्र’ (सांडपाणी शुद्ध करून पुन्हा कसं वापरतात ते दाखवणारं) होतं आणि ते २०२४ च्या जुलैअखेरीसच बंद झालेलं आहे. म्हणजे कार्यक्रम कुठल्या तरी जुन्या दौऱ्यावरून उतरवलेला. आम्ही त्याऐवजी मरीना बराजला गेलो. शहराच्या मध्यावर खाडी अडवून गोड्या पाण्याचा साठा कसा केला ते तिथे उघड्या डोळ्यांनी दिसतं. तुम्हीही तिथेच जा.

आता पैशांचं. व्हिसा एजंटने प्रत्येक मुलामागे ‘अरायव्हल कार्ड शुल्क’ म्हणून वेगळी रक्कम लावली, सिंगापूरसाठी एकदा आणि मलेशियासाठी पुन्हा एकदा. अरायव्हल कार्ड म्हणजे देशात शिरण्याआधी भरायचा ऑनलाइन फॉर्म; ही दोन्ही कार्डं सरकारी संकेतस्थळावर फुकट भरता येतात. सिंगापूरचं एसजी अरायव्हल कार्ड आणि मलेशियाचं एमडीएसी (मलेशिया डिजिटल अरायव्हल कार्ड), दोन्ही प्रवेशाच्या आधीच्या तीन दिवसांत भरायची असतात. महिनाभर आधी भरून ठेवतो म्हणणारा एजंट थापा मारतोय असं खुशाल समजा. आणखी एक मेख: जोहोरहून सिंगापूरला परत येताना आपल्या मुलांचं सिंगापूरचं कार्ड नव्याने भरावं लागतं. सिंगापूर शाखेतल्या दीर्घ मुदतीच्या पासवर राहणाऱ्या मुलांना मात्र रस्त्याने परतताना ते लागत नाही, त्यामुळे त्यांच्या शिक्षकांच्या हे ध्यानातही नसतं. त्यांना विचारून उपयोग नाही, स्वतःच बघा. सिंगापूरचा व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे ना, तेही छापील कागदावर पाहून घ्या. एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. मलेशियासाठी भारतीय पासपोर्टला १ डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. सध्याची मुदत २०२६ च्या अखेरपर्यंत आहे.

तर कॉजवे. लांबी जेमतेम १,०५६ मीटर. १९२४ मध्ये रीतसर उघडला, १९४२ च्या जानेवारीत माघार घेणाऱ्या ब्रिटिश फौजांनी उडवला, पुन्हा बांधला गेला. आज त्यावरून रोज तीन लाखांहून जास्त माणसं ये-जा करतात. बरीचशी जोहोरमध्ये राहून सिंगापुरात नोकरी करणारी. आम्हाला सांगण्यात आलं होतं की शुक्रवारी जोहोरमध्ये साप्ताहिक सुट्टी असते, रस्ता मोकळा मिळेल, तासाभरात पोचाल. शुक्रवार-शनिवारची सुट्टी जोहोरने १ जानेवारी २०२५ पासून बंद केली. आता तिथेही शनिवार-रविवारच आहे. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी नोकरदार घरी निघालेले आणि सिंगापूरकर स्वस्तातल्या खरेदीला निघालेले, दोन्ही लोंढे एकाच रस्त्यावर. त्यांच्या मधोमध आमची बस.

बसमध्ये बसून राहायचं आणि पलीकडे उतरायचं, असं नसतं. वुडलँड्सच्या नाक्यावर सगळ्यांनी सगळ्या सामानासकट उतरायचं, जिने चढायचे, सिंगापूरमधून बाहेर पडल्याची नोंद करायची, पुन्हा खाली येऊन बस शोधायची. मग तो किलोमीटरभर रस्ता, जो आम्ही चालत गेलो असतो तर लवकर झाला असता. पलीकडे पुन्हा सामानासकट उतरायचं, मलेशियाची रांग, सामान यंत्रातून, पुन्हा बस. आम्ही साडेचारला निघालो आणि जोहोर शाखेच्या फाटकात शिरलो तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. दोन मुलींना चक्कर आली. एका मुलाची बॅग मलेशियाच्या यंत्रापाशी राहिली आणि ती आणायला परत आत सोडत नव्हते. रांगेत फोन काढून फोटो घेणाऱ्या मुलाला अधिकाऱ्याने सगळ्यांदेखत दटावलं ते वेगळंच. तिथे फोटोला बंदी आहे, आधीच बजावून ठेवा.

मला राग याचा नाही. जोहोरची शाळा आहे इस्कंदर पुतेरीच्या बाजूला, आणि त्या बाजूला जायला तुआसचा दुसरा पूल १९९८ पासून उभा आहे. वुडलँड्सने जोहोर बाहरू शहराच्या मधोमध उतरून पुन्हा पश्चिमेकडे यावं लागतं, तुआसने थेट तिथेच निघता. बस कंत्राटदाराने वुडलँड्स का निवडलं, याचं उत्तर अजून मिळालेलं नाही. टोल वाचवायला, असा माझा अंदाज. बस ठरवताना कंत्राटातच लिहून घ्या: तुआस, आणि शनिवारी सकाळी सातच्या आत निघायचं. शाळेच्या सुट्टीचे आठवडे आणि सणांची जोडसुट्टी असेल तर तोही बेत सोडून मधल्या वारी जा.

रेल्वेचं कुणी सुचवेल. शटल तेब्राउ ही गाडी पाच मिनिटांत पलीकडे नेते, आणि जाताना दोन्ही देशांची तपासणी वुडलँड्सलाच उरकते. एकट्यादुकट्याला उत्तम. पण सुट्टीच्या दिवसांची तिकिटं फार आधी संपतात आणि अख्खा वर्ग एका गाडीत बसवणं महाकठीण. गंमत म्हणजे सिंगापूरकडून तिकीट पाच सिंगापूर डॉलर आणि जोहोरकडून पाच रिंगिट (मलेशियाचं चलन), म्हणजे परतीचं भाडं जवळपास एक तृतीयांश. शिवाय जोहोर बाहरूच्या जेबी सेंट्रल स्टेशनला उतरल्यावर शाळेपर्यंत पुन्हा बस लागतेच.

रांगेची एक युक्ती आम्हाला तिथल्याच एका शिक्षिकेने सांगितली, ती फार कामाची. शाळेनुसार गट करू नका, पासपोर्टनुसार करा. सिंगापूरचे नागरिक, तिथल्या पासवरचे भारतीय, आपण पाहुणे, मलेशियाचे नागरिक, प्रत्येकाची रांग वेगळी आणि वेग वेगळा. एक शिक्षक सगळ्यात आधी पलीकडे जाऊन उभा राहायला हवा, एक सगळ्यात शेवटी. मधल्यांनी आपापल्या रांगेतली मुलं मोजायची. सामान पाठीवर मावेल तेवढंच. चाकांच्या मोठ्या बॅगा सिंगापूरच्या शाळेत ठेवता आल्या तर ठेवा.

त्या रात्री जोहोरच्या मुलांनी आमच्यासाठी स्वागताचा कार्यक्रम बसवला होता. सहा वाजल्यापासून सभागृहात बसली होती बिचारी. आठला पालक त्यांना घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी जे राहिलं ते असं: बॅनर, भाषणं, भेटवस्तू, एक रोपटं, ध्वजांसमोर फोटो. दीड तास उन्हात. यातलं काहीही ठेवू नका. असल्या कार्यक्रमात मुलं आपापल्या शाळेच्या रंगात वेगवेगळी उभी राहतात आणि तशीच घरी जातात. व्यवस्थापनाला फोटो हवेच असतील तर दहा मिनिटं द्या आणि पुढे चला.

दौरा वसूल झाला तो त्यानंतरच्या पाण्याच्या सत्रात. हा भाग आमच्या भूगोलाच्या सरांनी हट्टाने घातला होता. परिपत्रकात त्याला एक ओळ होती.

त्याच कॉजवेवर जोहोरकडून सिंगापूरला पाणी नेणारे नळ आहेत. १९६२ च्या करारानुसार सिंगापूर जोहोर नदीतून रोज २५ कोटी गॅलन कच्चं पाणी घेऊ शकतं, २०६१ पर्यंत. दर हजार गॅलनला तीन सेन (सेन म्हणजे रिंगिटचा शंभरावा भाग). करारानुसार जोहोर त्यातलं थोडं पाणी, शुद्ध केल्यावर, परत विकत घेतं, दर हजार गॅलनला पन्नास सेन. दोन्ही शाखांच्या मुलांनी हा एकच करार आपापल्या बाजूने वाचून यायचं होतं. जोहोरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, तीन सेनला आमच्याकडे गोळीसुद्धा मिळत नाही. सिंगापूरचा मुलगा तयारीत होता: पन्नास सेनला जे पाणी आम्ही परत देतो ते शुद्ध करायला आमचं सरकार २.४० रिंगिट खर्च धरतं, शिवाय दर बदलायचा होता तर तुम्ही १९८७ मध्ये, पंचवीस वर्षं झाली तेव्हा, का नाही मागितला? मग जी जुंपली! तासभर ठेवलेलं सत्र जेवणाच्या घंटेनंतरही चालूच.

आमची मुलं आधी गप्प होती. त्यांना वाटलं हे दुसऱ्यांच्या घरचं भांडण. मग आमच्यातल्या एकाने फळ्यावर गोदावरी काढली. वर नाशिक-नगरची धरणं, खाली जायकवाडी. दुष्काळी वर्षी वरून पाणी सोडायचं की नाही, यावरून कोर्टापर्यंत कसं जातात, महाराष्ट्राच्या २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात समन्यायी वाटप कसं आलं, हे त्याने मोडक्या इंग्रजीत सांगितलं. वर्गात नाशिकचं आजोळ असलेली एक आणि संभाजीनगरचा एक अशी दोन मुलं होती, ती लगेच एकमेकांवर घसरली. हे बघून दोन्ही यजमान शाखांची मुलं हसायला लागली. तिथून पुढे मात्र कोण कुठल्या शाखेचं हे कुणी विचारलं नाही.

त्यांनी मिळून ठरवलेलं काम असं: प्रत्येकाने घरी दिवसाला माणशी किती लिटर पाणी लागतं ते मोजायचं. सिंगापुरात २०२३ चा आकडा साधारण १४१ लिटर होता, आपल्याकडे शहरांसाठी मानक १३५ आणि जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी ५५. मोजायला गेलं की कळतं, त्यांच्याकडे मीटर बघून एका मिनिटात उत्तर आणि आपल्याकडे टाकीची उंची पट्टीने मोजा, नळ किती वाजता येतो ते लिहा. आमच्या मुलांची पद्धत त्यांनी मागून घेतली. भागीदारी म्हणतात ती मला एवढीच दिसली, आणि ती पुरेशी वाटली. पुढच्या तुकड्यांनी विषय स्वतःचा निवडावा, पण दोन्ही बाजूंचं खरोखर काही अडलेलं असेल असाच. ‘संस्कृतीची ओळख’ हा विषय नको. त्यात सगळेच गोड बोलतात.

दौरा संपल्यावर हे टिकवायचं असेल तर वेळेचा हिशेब घाला. ते आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. आपली शाळा सकाळी आठला भरते तेव्हा तिथे साडेदहा, आणि तिथे तीनला सुटते तेव्हा आपल्याकडे साडेबारा. म्हणजे ऑनलाइन भेटायचं तर आपले पहिले तीन-चार तासच. दुपारनंतरची वेळ देणारं पत्र आलं तर परत पाठवा. शैक्षणिक वर्षही जुळत नाही: त्यांचं ऑगस्ट ते जून, आपलं मार्च-एप्रिलमध्ये संपतं. जानेवारीत काम सुरू केलं तर दोन महिन्यांत आपली तुकडी फुटते. ऑगस्टमध्ये सुरू करा, दौरा दिवाळीनंतर, मोजमाप फेब्रुवारीपर्यंत.

हॉटेलपेक्षा यजमान घरं चांगली, यात वाद नाही. पण सगळ्यांना जमत नाही, तेव्हा जबरदस्ती करू नका.

परतीसाठी आम्ही पुन्हा कॉजवे ओलांडून सिंगापूरच्या चांगी विमानतळावर आलो. मंगळवारची पहाट होती आणि तरीही कामावर निघालेल्यांची रांग पुलाच्या पार मध्यापर्यंत आली होती. मुलांचे पाय चालेनात. यापुढचा आराखडा मी असा देईन: मुंबईहून सिंगापूरला उतरा, तुआसने जोहोरला जा आणि तिथून रस्त्याने क्वालालंपूर गाठून मुंबईचं विमान पकडा. चारेक तासांचा महामार्ग आहे, वाटेत सीमा नाही. नाका एकदाच ओलांडावा लागेल आणि सिंगापूरच्या दुसऱ्या प्रवेशाची व दुसऱ्या कार्डाची भानगड संपेल. चाकांच्या बॅगांचं वर सांगितलं ते मग विसरा, त्या घरीच ठेवा. तिकीट थोडं महाग पडेल. एजंटने कार्डांपोटी लावलेले पैसे दिले नाहीत तर तो फरकही बराचसा भरून निघेल.