सुभद्रा झोपली कुठे?

मी एका सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल आहे. एखादं पुस्तक किती वाचलं गेलंय ते आम्हाला नुसतं हातात धरलं तरी कळतं. आमच्या मराठी महाभारताच्या संचातलं भीष्मपर्व गीतेपाशी आपोआप उघडतं, सभापर्वातली द्यूताची पानं कोपऱ्यांत काळवंडलीत. हा संच निर्लेखनात काढा, तिथे स्पर्धा परीक्षेची पुस्तकं लावा, असं कार्यकारिणीत दरवर्षी कुणीतरी सुचवतंच. वाचून वाचून जीर्ण झालेलं पुस्तक रद्दीत घालायचं, याचा मला संताप येतो.

परवा सत्तरीच्या एक काकू द्रोणपर्व परत करायला आल्या. "ताई, यात सुभद्रा झोपली कुठे? मला सापडली नाही."

अर्जुन चक्रव्यूह समजावत असताना गरोदर सुभद्रेला झोप लागली, म्हणून पोटातल्या अभिमन्यूचं बाहेर पडायचं ऐकायचं राहून गेलं, ती गोष्ट त्या शोधत होत्या. मला वाटलं, पानं निखळली असतील. बांधणी तपासली, पृष्ठांक लावून पाहिले. सगळं जागेवर होतं. मग काउंटरवरच युद्धाचा तेरावा दिवस उघडला. युधिष्ठिर चक्रव्यूह फोडायला सांगतो तेव्हा अभिमन्यू म्हणतो, शिरायचं कसं ते वडिलांनी शिकवलंय, पण आत संकट ओढवलं तर बाहेर पडता यायचं नाही. बस, एवढंच. आईचं पोट नाही, झोप नाही. दुपारी संदर्भ विभागातून भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ती काढली. १९१९ ते १९६६, बाराशेच्या वर हस्तलिखितं ताडून सिद्ध केलेली. तिथेही तेच!

आणि मी? उन्हाळी सुट्टीतल्या कथाकथनात वीस वर्षं ही गोष्ट रंगवून सांगत आलेय. 'सुभद्रेला डुलकी लागली' म्हणताना मान कलती करायचे, मुलं हसायची.

काकू म्हणाल्या, "मी पोटुशी होते तेव्हा सासूबाई दुपारी आडवं होऊ द्यायच्या नाहीत. समोर बसवून पोथी वाचायच्या, मी हुंकार द्यायचा. हुंकार थांबला की म्हणायच्या, झाली बघ सुभद्रा." त्यांनी बसचं तिकीट खुणेला घातलेलं पान उघडलं. "ही इथे सापडली. रडतेय. भीमाच्या बळाचा धिक्कार असो म्हणते, पार्थाच्या धनुष्याचा धिक्कार असो म्हणते."

तो विलाप मी त्याआधी कधी धड वाचलाच नव्हता.

"बापानं बाहेर यायचं का नाही हो शिकवलं?"

आदिपर्वात आहे, अभिमन्यू अर्जुनाकडून सगळा धनुर्वेद शिकला, असं मी सांगितलं.

"सगळा?"

मला उत्तर देता आलं नाही. काकू आदिपर्व घेऊन गेल्या. मे महिन्यात मुलं येतील, म्हणून ही गोष्ट नव्यानं लिहायला घेतलीय. तीनदा सुरुवात केली, तिन्ही वेळा त्या 'सगळा'पाशीच अडले.