एक नग कोणी करून देत नाही: जुन्या पिनबॉल यंत्राच्या दुरुस्तीचा माझा अनुभव

बेळगावच्या उद्यमबागेत ओतकामाचे आणि लेथचे इतके कारखाने असताना जुन्या पिनबॉल यंत्राच्या बोटाएवढ्या एका लोखंडी दांड्यासाठी मला जे हेलपाटे घालावे लागले, त्यांचा राग अजून गेलेला नाही.

पिनबॉल म्हणजे उतरत्या पटावर पोलादी गोळी उडवत गुण मिळवण्याचा खेळ. माझे यंत्र शिकागोच्या गॉटलिब कंपनीचे, रिले (विजेने चालणारे स्विच), स्टेपर (टप्प्याटप्प्याने फिरून गुण मोजणारी चक्रे) आणि स्कोअर मोटर (गुणांची नोंद करवणारी मोटर) यांवर चालणारे आहे. रबरी कड्या, दिवे आणि स्टेपरची सफाई ही कामे सहज पार पडली. अडले ते डाव्या फ्लिपरपाशी, म्हणजे बटण दाबताच गोळीला वर फटकावणाऱ्या दांडीपाशी. बटण दाबले तरी सुमारे ८० ग्रॅमची पोलादी गोळी अर्ध्या वाटेवरून परत येई. उघडून पाहिले, तर कॉइल (वीज दिली की चुंबक बनणारी तारेची गुंडाळी) शाबूत होती. प्लंजरचे, म्हणजे कॉइल आत ओढते त्या लोखंडी दांड्याचे टोक मात्र स्टॉपवर (त्याला अडवणाऱ्या तुकड्यावर) आपटून फुलले होते आणि कॉइलमधल्या नळीत घासत होते.

बहुतेक कारखान्यांत ‘एक नग परवडत नाही’ हेच उत्तर मिळाले. अखेर एका मालकांनी नमुना ठेवून घेतला. त्यानंतर मी गेलो की लेथवर कोणा मोठ्या गिऱ्हाइकाचा लॉट चढलेला असे आणि कारागीर मान वर न करता ‘नाळी बर्री’ (कन्नडमध्ये ‘उद्या या’) म्हणे. बऱ्याच प्रतीक्षेनंतर जो दांडा हाती आला, तो व्हर्नियरवर अचूक होता, पण कॉइलमध्ये जागचा हलेना. चुंबकही त्याला चिकटेना. ‘गंजू नये म्हणून चांगला माल वापरला, साहेब,’ असे मालक म्हणाले. तो ३०४ स्टेनलेसचा होता, आणि कॉइलने आत ओढण्यासाठी तर मऊ लोखंडच हवे. ‘एम.एस. रॉड’ (माइल्ड स्टील, म्हणजे साध्या मऊ पोलादाचा दांडा) असे लिहिलेली माझी चिठ्ठी नमुन्याला बांधलेली तशीच होती. ती कोणी सोडूनही पाहिली नव्हती.

शेवटी शहापूरमधल्या एका लहानशा शेडमध्ये एकटेच काम करणाऱ्या वयस्क टर्नरकाकांनी माझ्यासमोर एम.एस.चा प्लंजर काढून दिला. तो बसवल्यावर गोळी थेट वरच्या कडेला जाऊन आदळली, तेव्हा झालेला आनंद मी विसरणार नाही. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे, एका नगासाठी मोठा कारखाना गाठूच नये आणि काम होईपर्यंत लेथजवळून हलू नये.

नळीत तेल घालू नये, कारण धूळ चिकटून प्लंजर पुन्हा अडकतो. फ्लिपर पूर्ण वर गेल्यावर त्याच्या टोकाचा स्विच उघडतो की नाही, तेही पाहावे. तो उघडला नाही तर बटण दाबून धरताना कॉइल जळते. अमेरिकी बाजारासाठी बनलेल्या यंत्राला आपला २३० व्होल्टचा प्रवाह थेट देऊ नये, स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावावा. तिकडच्या ६० ऐवजी आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने स्कोअर मोटर थोडी संथ फिरते, तो बिघाड नव्हे. स्क्रू इंची आट्यांचे असतात, म्हणून जुने जपून ठेवावेत. प्लंजरबरोबर स्टॉपही करून घ्यावा, नाहीतर ठेचलेल्या स्टॉपवर आपटून नव्या प्लंजरचे टोकही लवकरच फुलते.