पोकळीचं भाडं

परदेशी कायमचं राहायला निघालेल्या माणसाच्या घरी सगळ्यात आधी उगवतो तो सामान नेणाऱ्या कंपनीचा सर्व्हेवाला. कपाटं उघडतो, पलंगाखाली वाकून बघतो, "माळ्यावर काही आहे का?" असं विचारतो. आपण हौसेनं सांगावं, की हे टेबल आजोबांच्या वेळचं, तर तो त्याची लांबी-रुंदी टिपून पुढच्या खोलीत गेलेला असतो. जाताना आकडा देतो, अमुक इतके घनमीटर. सामान वजनाला किती भरेल, हे तो विचारतही नाही.

कारण जहाजाच्या लेखी आपल्या सामानाचं वजन खिजगणतीत नाही. घरगुती सामान भरताना वजनाची मर्यादा गाठायच्या कितीतरी आधी कंटेनरमधली जागा संपते. वीसफुटी कंटेनरच्या पोटात साधारण ३३ घनमीटर जागा असते, चाळीसफुटीत ६७ च्या आसपास. आपला पसारा त्याहून बराच कमी असला, तर तो आणखी दोन-चार बिऱ्हाडांच्या शेजारी एकाच कंटेनरमध्ये जातो आणि भाडं ज्याच्या-त्याच्या घनमीटरप्रमाणे पडतं. पैसे वाचतात, पण भरल्याशिवाय कंटेनर हलत नाही. तोवर आपलं बिऱ्हाड गोदामात पडून, आणखी कुणीतरी देश सोडण्याची वाट बघत.

हे एकदा कळलं, की घराकडे बघायची नजर बदलते. आपण वस्तूंचं भाडं भरतच नसतो, वस्तूंच्या आतल्या आणि अवतीभवतीच्या हवेचं भरत असतो. 'ती पुस्तकं कशाला नेताय?' म्हणून सगळे मागे लागतात, पण पुस्तकं बिचारी विटांसारखी एकमेकांना चिकटून बसतात. त्यांची खोकी मुद्दाम लहान असतात ती समुद्रासाठी नव्हे, उचलणाऱ्याच्या कमरेसाठी. याउलट एका हातानं उचलता येणारी वेताची खुर्ची चार पायांमधल्या पोकळीसकट महासागर ओलांडते. आणि लॅम्पशेड म्हणजे तर निव्वळ हवा, वरून कापड लावलेली. लॅम्पशेडवर माझा आधीपासूनच राग होता. आता त्याला हिशेबाचा आधार मिळाला.

मग पोकळी मारायची मोहीम सुरू होते. बॅगेत बॅग, तिच्यात आणखी छोटी बॅग. फुलदाणीत मोजे. टेबलांचे, पलंगाचे पाय सुटे. सुटे झालेले स्क्रू छोट्या पिशवीत घालून ती पिशवी त्याच फळीला चिकटपट्टीनं पक्की करावी. 'सगळे स्क्रू एकाच डब्यात' ही कल्पना ज्याला सुचते, त्यानं पुढे बरेच दिवस जमिनीवर झोपायची तयारी ठेवावी.

एवढं करूनही जी हवा उरते, ती प्रवासात स्वस्थ बसत नाही. दिवसा कंटेनर तापतो, रात्री त्याचं छत गार पडतं, आतली वाफ छताला लागून तिचं पाणी होतं आणि थेंब थेंब खाली टपकतं. म्हणून ओलावा शोषणाऱ्या पिशव्या आत टांगतात, आणि म्हणूनच अर्धवट वाळलेली चादर कधी खोक्यात घालू नये. ती तिकडे पोचते ती काळ्या ठिपक्यांची नक्षी घेऊन.

विमानाचा हिशेब याहून बेरकी. तिथं वजनही बघतात आणि आकारही, आणि दोन्हींत जे जास्त भरेल त्यावर बिल. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करायचा आणि बहुधा ६००० नं भागायचं, येईल ते 'वजन'. ६० बाय ४० बाय ३० च्या खोक्यात दोन उशा कोंबल्या, तर कागदोपत्री त्या १२ किलोच्या होतात. इतक्या जड उशीवर झोप कशी लागायची!

पॅकिंगच्या दिवशी खोक्यांवर नंबर पडतात आणि यादी होते. फर्निचर असेल तर नावापुढे खुणेची अक्षरं येतात. ओरखडा, टवका, पोचा, रंग उडालेला, कसर लागलेली, प्रत्येकाला वेगळी खूण. आजोबांच्या टेबलापुढे अशी पाच-सहा अक्षरं लागलेली पाहिली, की आपण इतकी वर्षं काय बघत होतो असा प्रश्न पडतो. आणि त्याच्याखाली सही आपल्यालाच करायची असते. आपण स्वतः भरलेल्या खोक्यांवर वेगळा शिक्का. आतलं फुटलं तर विमा कंपनी सहसा हात वर करते. त्यात रुसण्यासारखं काही नाही, आत काय आणि कसं भरलंय हे त्यांनी पाहिलेलंच नसतं.

विमा मात्र घ्यावा, आणि तो कपबश्यांसाठी नव्हे. समुद्रावर एक फार जुना रिवाज आहे, 'जनरल ॲव्हरेज'. जहाज संकटात सापडलं, तर ते वाचवण्याचा खर्च जहाजाच्या मालकानं एकट्यानं सोसायचा नाही. जहाजावर ज्यांचा-ज्यांचा माल आहे त्या सगळ्यांनी मालाच्या किमतीप्रमाणे वाटून घ्यायचा. मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' सुएझ कालव्यात सहा दिवस आडवं रुतून बसलं, त्यानंतर हेच जाहीर झालं. आपली दोन कपाटं आणि पलंगही या भागीदारीत असतात. हमी दिल्याशिवाय सामान हाती पडत नाही, आणि ती हमी विमा कंपनीनं दिलेली बरी.

पलीकडच्या कस्टम्सचा न्याय उफराटा. तिथं जुनं तेच सोनं. युरोपीय संघात जायचं असेल तर वस्तू किमान सहा महिने वापरातली हवी, अमेरिकेत घरगुती सामानाला वर्षभराचा वापर लागतो. मग शुल्क माफ. म्हणजे निघायच्या आठवड्यात हौसेनं घेतलेला नवा कोरा मिक्सर अडतो आणि पोचा पडलेलं पातेलं ऐटीत आत जातं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला कस्टम्सपेक्षा मातीची धास्ती जास्त. सायकलीची चाकं, बागेतलं खुरपं, तंबूचे खुंटे, सगळं धुऊन पुसून द्यायचं. मी जुना टूथब्रश आणि टाचणी घेऊन डोंगरात घालायच्या बुटांचे तळवे कोरत बसलो होतो. खाचेतून खडा निघाला, मग वाळकं गवत, मग कुठल्यातरी वाटेवरची लाल माती, कडक झालेली.

अखेर एक दिवस ट्रक दारात लागतो. माणसं एकेक खोकं खाली घेतात, नंबर ओरडतात, आपण यादीवर खूण करायची आणि खोली सांगायची. "सत्तेचाळीस?" स्वयंपाकघर. "अठ्ठेचाळीस?" यादीत बघावं तर 'किरकोळ'. एकोणपन्नास, तेही किरकोळ. दिवस मावळायला लागला, की भरणाऱ्यांना हा शब्द फार प्रिय होतो, आणि खांद्यावर खोकं घेतलेला माणूस तर दारात खोळंबलेला. मग सगळं किरकोळ एकाच खोलीत जातं. ती पाहुण्यांची खोली करायची असं आपलं ठरलेलं असतं. पाहुणे हॉलमध्ये झोपतात.