माहीमचा बुधवार, मनीलाच्या पाहुणीसोबत

परदेशातून कुणी ख्रिस्ती पाहुणा मुंबईत आला की आपण त्याला गेटवे आणि मरीन ड्राइव्ह दाखवतो. माझं म्हणणं एवढंच, की मुक्कामात बुधवार येत असेल तर आधी त्याला माहीमला न्या.

ऑफिसच्या कामासाठी मनीलाहून आलेल्या मैत्रिणीला मी माहीमच्या सेंट मायकल चर्चमधल्या नोव्हेनाला, म्हणजे नऊ आठवडे धरायच्या प्रार्थनेला नेलं. इथली बुधवारची नोव्हेना १९४८ साली सुरू झाली. मनीलाच्या बाकलारन चर्चमध्येही वार बुधवारच आणि सालही १९४८च! ती लहानपणापासून आईबरोबर तिथं जायची. त्यामुळे निरंतर साहाय्य मातेची, म्हणजे मरियेची, तसबीर दिसताच ती जागीच थांबली. तीच सोनेरी पार्श्वभूमी, आईचा हात घट्ट धरलेला तोच बाळ येशू, त्याच्या पायातून निसटून बंदाला लोंबणारी तीच चप्पल. बाकलारनला नवस बोललेले लोक गुडघ्यांवर चालत वेदीपर्यंत जातात. तीही तशीच निघाली. परत आल्यावर बाकावरच्या एका मावशींनी सरकून जागा केली, "ये गं, बस इथं." प्रार्थना मराठीत होती, पण कधी उभं राहायचं, कधी गुडघे टेकायचे, हे तिला मला सांगावं लागलं नाही. हिंदू घरांतली माणसंही इथं नऊ बुधवार धरतात, हे ऐकून तिचे डोळे भरून आले.

नोव्हेना दिवसभर वेगवेगळ्या भाषांत चालते, तेव्हा आपल्या भाषेची वेळ आधी विचारून घ्या. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर फार गर्दी होते, दुपार बरी. माहीम स्टेशनवरून चालत जाता येतं. रिक्षा माहीमला येत नाहीत, वांद्र्याहून येणार असाल तर टॅक्सी करा.

तिथून आम्ही लोकलने एक स्टेशन पुढे वांद्र्याला गेलो आणि रिक्षाने मोत माऊलीला, म्हणजे माउंट मेरी चर्चला. बाहेरच्या टपऱ्यांवर मेणाचे हात, पाय, घरं, बाळं मांडलेली असतात. भावाच्या दुखऱ्या गुडघ्यासाठी तिनं मेणाचा पाय घेतला, माऊलीपुढे ठेवला आणि आम्ही दोघींनी मिळून एक जपमाळ म्हटली, तिनं तिच्या भाषेत, मी माझ्या.

इथली जत्रा ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी सुरू होते आणि आठवडाभर चालते. पाहुण्यांना जत्रा जरूर दाखवा, पण सोबत म्हातारं माणूस असेल तर रविवार टाळून मधल्या वारी सकाळी लवकर जा.