कॅसच्या फाइलमधील अठ्ठेचाळीस टक्के

महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचा समन्वयक या नात्याने प्राध्यापकांच्या पदोन्नतीच्या, म्हणजेच ‘कॅस’च्या फाइली प्राथमिक छाननीसाठी माझ्याकडे येतात. त्या दिवशी इतिहास विभागातील एका सहायक प्राध्यापिकेच्या फाइलमध्ये एका वर्षाच्या अध्यापनापुढे ४८ टक्के आणि ‘असमाधानकारक’ असा शेरा दिसला. नेमून दिलेल्या तासिकांपैकी ७० टक्क्यांहून कमी घेतल्या, तर हा शेरा बसतो आणि पदोन्नती अडू शकते.

सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास अध्यापन असते; ३० आठवड्यांचे ४८० होतात आणि कार्यालयाने त्या ४८० नेच भागले होते. प्रत्यक्षात पहिले संपूर्ण सत्र त्या प्रसूती रजेवर होत्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार असा रजेचा काळ मूल्यमापनातून वगळावा लागतो. दुसऱ्या सत्रातील २४० पैकी २३२ तासिका त्यांनी घेतल्या होत्या, म्हणजे जवळजवळ ९७ टक्के.

विभागप्रमुख म्हणाले, “सर, रजेचे तास वगळले तर बाकीच्यांवर अन्याय होईल.” मला हे पटले नाही. पहिल्या सत्रातील त्यांचे तास तासिका तत्त्वावरील, म्हणजे तासागणिक मानधन घेणाऱ्या प्राध्यापकांनी घेतले होते; विभागातील इतर कोणाचाही कार्यभार त्यामुळे वाढला नव्हता.

खातरजमा करण्यासाठी मी वेळापत्रक मागवले, आणि त्यात जे आढळले त्याने मी टक्केवारीपेक्षाही अधिक अस्वस्थ झालो. रजेवरून परतताच त्यांच्याकडे प्रथम वर्षाच्या, शंभराहून अधिक विद्यार्थ्यांच्या सर्व तुकड्या सोपवल्या होत्या, तर त्यांच्या एका सहकाऱ्याकडे तृतीय वर्षाचे जेमतेम वीस विद्यार्थी होते. कागदावर दोघांचेही तास सोळाच. पण अंतर्गत चाचण्यांच्या उत्तरपत्रिका आणि प्रकल्प तपासण्यात या प्राध्यापिकेच्या ज्या संध्याकाळी गेल्या, त्यांची नोंद कोणत्याही रकान्यात नव्हती. तासांची समानता म्हणजे कार्यभाराची समानता, असे मानणे मला तेव्हापासून अशक्य झाले आहे.

प्राचार्यांनी दुरुस्त टक्केवारी त्याच दिवशी मान्य केली. पुढील वर्षापासून कार्यभाराच्या तक्त्यात प्रत्येक तुकडीची विद्यार्थिसंख्या लिहावी आणि प्रथम वर्षाच्या तुकड्या विभागातील सर्वांत वाटाव्यात, असेही ठरले. विभागप्रमुखांनी थोड्या चर्चेनंतर त्याला संमती दिली. मागील वर्षांत दीर्घ रजा घेतलेल्यांच्या फाइली पुन्हा काढल्या, तेव्हा आणखी दोघींच्या बाबतीत हीच चूक निघाली.