भिंतीतला खिळा

झोप येत नाहीये आणि कारण इतकं फालतू आहे की कुणाला सांगायचीही सोय नाही. खिळा. भिंतीला ठोकलेला एक खिळा.

आज कलेच्या इतिहासाची स्लाइड टेस्ट होती. नेहमीसारखीच, दिवे बंद, स्लाइड आली की चित्रकार, नाव, साल, माध्यम लिहायचं की पुढची. मला ते येतं. तेवढंच येतं म्हणा हवं तर. मधेच 'मिल्कमेड' आलं, दूध ओतणाऱ्या बाईचं चित्र, आणि तो निळा एप्रन दिसला की माझं पेन आपोआप सुटतं, योहानेस व्हर्मीर, सुमारे १६६०, कॅनव्हासवर तैलरंग, वर ४५.५ बाय ४१ सेंटिमीटर हे पण लिहून टाकलं, कुणी विचारलेलं नसताना. आणि मॅडमनी प्रोजेक्टरच बंद केला. म्हणाल्या, आता लिहा, बाईच्या मागच्या भिंतीवर काय आहे? याला मार्क नाहीत.

मी लिहिलं, काही नाही, पांढरी भिंत.

परत स्लाइड लावली तर वर खिळा. खिळ्याची सावली सुद्धा. भिंतीला जुन्या खिळ्यांची भोकं, खिडकीची एक काच फुटलेली. वर्गात एकानंच खिळा लिहिला होता आणि तो कोण हे इथे लिहायची पण इच्छा नाही, एक साल धड येत नाही त्याला. जाऊ दे.

मार्क गेले असते तर बरं झालं असतं, निदान रडायला कारण मिळालं असतं. सगळ्या टेस्टमधे पहिली मीच असणार आणि तरी घरी येईपर्यंत डोक्यात एकच, मला दिसला कसा नाही? आधी वाटलं कार्डामुळे. माझ्या फ्लॅशकार्डवरचं चित्र अंगठ्याएवढं, त्यात खिळा कुठून दिसणार. पण स्लाइड तर अख्ख्या भिंतीएवढी होती! मूळ चित्र हातात धरता येईल एवढं, आम्हाला ते कितीतरी पट मोठं करून दाखवलं आणि मी एप्रन ओळखून खाली मान घालून लिहीत बसले. चित्र मी बघतच नाही, ओळखते फक्त. रस्त्यात लांबच्या नातेवाइकांना ओळखून मान हलवतो ना, तसं.

मग स्वतःची बाजू घ्यायला म्हणून आर्नोल्फिनी जोडप्याचं चित्र आठवलं. यान व्हान आइक, १४३४. त्यातला मागचा गोल आरसा, त्यात दिसणारी दारातली दोन माणसं, आरशाच्या वर भिंतीवर 'यान व्हान आइक इथे होता' असं लॅटिनमधे, हे सगळं दिसतं की मला! पण ते सांगितलं म्हणून दिसतं. खिळ्याबद्दल कुणी सांगितलं नव्हतं.

बाबांनी जेवताना परत विचारलं, हा विषय घेऊन पुढे काय. तो विषय आज नको.

रात्री कार्ड बाजूला ठेवून मोबाइलवर मोठं चित्र लावलं आणि दहा मिनिटांचा टायमर. दुसऱ्याच मिनिटाला कंटाळा आला, खरं सांगते. चौथ्या मिनिटाला खाली कोपऱ्यात पाय शेकायची लाकडी पेटी दिसली, तिच्यामागे टाइलवर इवलासा क्युपिड, प्रेमाचा देव. मग टायमर सोडून वाचतच बसले (माझं हे असंच होतं), तर त्या पेटीच्या जागी आधी विस्तव ठेवायची टोपली काढलेली होती आणि बाईच्या डोक्यामागे मातीचे जग टांगायची फळी. २०२२ मधे अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमनं, जिथे हे चित्र आहे, स्कॅन करून जाहीर केलं, व्हर्मीरनं दोन्ही स्वतःच रंगवून झाकून टाकलं. म्हणजे त्यानं भिंत मुद्दाम मोकळी केली आणि खिळा ठेवला. एवढी फळी उडवली आणि खिळा ठेवला! मग माझं 'काही नाही' अगदीच चूक नव्हतं, असं मला अर्धा मिनिट वाटलं. अर्धाच.

कार्डाच्या मागे 'खिळा' लिहिलं, सालाच्या खाली. लिहिल्यावर कळलं की आता तो पण पाठ झाला. हसूच आलं. माझं काय करायचं.

तरी हट्टानं पुढचं कार्ड घेतलं. 'नाइट वॉच', रेम्ब्राँ, १६४२. या वेळी कुणाचं काही ऐकायचं नाही, नुसतं बघायचं ठरवलं. आणि पाचेक मिनिटांनी सापडलं, गर्दीत उजेडातली ती पिवळ्या कपड्यातली मुलगी, तिच्या कमरेला चक्क मेलेली कोंबडी टांगलीय! इतकी खूश झाले की उठून दिवाच लावला. माझी स्वतःची कोंबडी, कुणी न सांगता दिसलेली.

मग खात्री करायला पुस्तक काढलं. त्या कोंबडीबद्दल अख्खा परिच्छेद आहे. खाली हिरव्या पेनानं रेघ मारलेली, आणि शेजारी माझ्याच अक्षरात 'महत्त्वाचं'.