पावसात पुसलेलं पत्र

मी मालवणजवळच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवते. मागच्या जुलैत एसवायच्या मुलांना प्रतीक, फ्लॅशबॅक वगैरे शिकवायचं होतं म्हणून १९४२ चा 'कॅसाब्लँका' हा हॉलिवूडचा सिनेमा लावला. पत्र्यावर पाऊस असा वाजत होता की स्पीकर फुल करूनही संवाद ऐकू येईनात, सबटायटल होती म्हणून निभावलं.

पॅरिसचं स्टेशन आलं. जर्मन सैन्य शहरात शिरणारे, नायक रिक गाडीपाशी प्रेयसी इल्साची वाट बघतोय आणि त्याचा पियानोवाला मित्र सॅम तिची चिठ्ठी आणून देतो, येऊ शकत नाही, पुन्हा भेटणार नाही, का ते विचारू नकोस. चिठ्ठीवर थेंब पडून शाई ओघळायला लागली आणि नेमकी लाइट गेली.

मी अंधारातच सुरू केलं, ही शाई म्हणजे रिकचे अश्रू वगैरे. तेवढ्यात मागच्या बाकावरचा, जूनपासून एकदाही तोंड न उघडलेला एक मुलगा म्हणाला, "मॅडम, आमच्या पणजेकडे असाच एक पत्र होता. पणजो बोटीर होतो, लढायेच्या टायमाक. पाण्यान अक्षरां गेली, पण ती शाळेत गेलली नाय, ती ता हातात धरून सगळा तोंडपाठ सांगायची."

मी गप्पच झाले. इतकी वर्षं मी फक्त शाईबद्दल बोलत होते हो! रिकला तर अक्षर न् अक्षर वाचता येतं आणि तरी काहीच कळत नाही, कारण मेला असं समजलेला नवरा लास्लो जिवंत आहे हे इल्सा लिहितच नाही. आपल्यालाही ते बरंच नंतर कळतं, तोवर आपणही रिकसारखेच तिच्यावर चिडून बसलेले असतो. पटकथेची खरी कमाल ही आहे, आणि ती मला त्या पणजीमुळे दिसली.

लाइट आली. रिकच्या कॅफेत जर्मन अधिकाऱ्यांचं गाणं बुडवून सगळे 'मार्सेयेज' हे फ्रेंच राष्ट्रगीत गातात तिथे मी एवढंच सांगितलं की यातली रडणारी नटी मॅडलीन लबो खरंच १९४० मध्ये फ्रान्समधून पळून आली होती. वर्गात चिडीचूप.

शेवटी विमानतळावर फ्रेंच पोलीसप्रमुख रेनो पाण्याच्या बाटलीवरचं 'व्हिशी' हे नाव वाचतो आणि बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकून डब्याला लाथ मारतो. जर्मनांपुढे झुकलेलं फ्रेंच सरकार व्हिशीतच होतं, ते सांगायला मी रिमोट उचलला तर पुढच्या बाकावरची मुलगी स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली, "मॅडम, आता नको, बघूक द्या."